गाणं कुठल्या कानानं ऐकायचं?

1995 साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं, तेव्हा परीक्षकांच्या खुर्चीत शास्त्रीय संगीतातले दिग्गज आणि बुजुर्ग संगीतकार बसत. सूर, ताल, शब्दोच्चार, तयारी हे निकष पक्के होते. स्पर्धकांच्या निवडीतही जुन्या गाण्यांचा वरचष्मा असे, त्यामुळे तोलायला फारशी अडचण नव्हती.

पुढे गायकीच बदलली. 2008-09च्या मराठी ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये आळंदीच्या कार्तिकी गायकवाडचा खडा, मोकळा आवाज, आर्या आंबेकरची नजाकत आणि लातूरच्या रोहित राऊतचा पाश्चात्त्य ढंग एकाच मंचावर आला. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत तिघांनाही भरभरून दाद देत. गुण मात्र ‘ध’, ‘नी’, ‘वरचा सा’ या एकाच मापात बसवावे लागत.

2017च्या ‘सूर नवा ध्यास नवा’मध्ये शास्त्रीय गायक महेश काळे, संगीतकार अवधूत गुप्ते आणि पार्श्वगायिका शाल्मली खोलगडे परीक्षक म्हणून एकत्र बसले. तीन घडणींचे कान एकाच गाण्याला लाभले. गेल्या तीन दशकांतलं हे मला सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं.

कारण आजची गायकी वेगळं कसब मागते. माइकजवळ हलक्या आवाजात गाणं, स्वर न हलवता सरळ धरणं, फॉल्सेटोत, म्हणजे उंच स्वरांच्या पातळ आवाजात, अलगद शिरणं, ओळ ठेक्याच्या किंचित मागे ठेवणं. नाट्यपदावर पोसलेल्या कानाला यात आवाज लागलेलाच नाही असं वाटू शकतं. प्रत्यक्षात दबक्या आवाजात सूर टिकवायला श्वासावर जबर ताबा लागतो, आणि फॉल्सेटोतून मूळ आवाजात परतताना सांधा कळता कामा नये. तो कळला, किंवा कुजबुजीच्या आड सूर घसरला, तर गुण कापलेच पाहिजेत. नव्या शैलीला सवलत नको, तिचीच कसोटी हवी.

अरिजित सिंग 2005च्या ‘फेम गुरुकुल’मधून अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. पुढे त्याच्याच गळ्याच्या धाटणीनं एका पिढीला गायला शिकवलं. स्पर्धेचा निकाल आणि गायकाचं मोल यांत एवढं अंतर पडू शकतं.

शाळांतल्या आणि गणेशोत्सवातल्या स्पर्धांमध्ये आजही बऱ्याचदा एकच गुणपत्रिका सगळ्यांना लावली जाते. सूर-तालाचे रकाने जरूर ठेवावेत; पण ‘निवडलेल्या शैलीची जाण’ हा रकाना वाढवावा आणि त्या शैलीत मुरलेला एक तरी परीक्षक बोलवावा. गाणाऱ्या मुलांचा तेवढा हक्क आहे.