मधुमेहावरील औषधांची निवड : हृदय व वृक्क
मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारात रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण कमी करणे एवढाच औषधोपचाराचा उद्देश नसतो. अशा रुग्णांचे अकाली मृत्यू बहुधा हृद्‌विकार, पक्षाघात व वृक्क (मूत्रपिंड) निकामी होणे यांमुळे ओढवतात. ग्लुकोज सारखेच उतरविणाऱ्या दोन औषधांचे या अवयवांवरील परिणाम मात्र भिन्न असू शकतात.

रोझिग्लिटाझोन या औषधाने हृद्‌विकाराचा धोका वाढत असावा, अशी शंका २००७ मध्ये पुढे आली. भारतात त्यावर २०१० मध्ये बंदी घालण्यात आली. २००८ पासून अमेरिकेत नव्या औषधांची हृदयविषयक सुरक्षितता तपासणे आवश्यक ठरले. त्या चाचण्यांतून काही औषधे हृदयाचे व वृक्कांचे रक्षणही करतात, असे आढळले.

औषधांचे गट : मेटफॉर्मिन स्वस्त असून दीर्घकाळ वापरात आहे, परंतु वृक्कांची गाळणक्षमता दर मिनिटास ३० मिलि.पेक्षा कमी झाल्यास ते देत नाहीत. ग्लिफ्लोझिन गटातील औषधे (उदा., डापाग्लिफ्लोझिन, एंपाग्लिफ्लोझिन) वृक्कनलिकांतील ग्लुकोजाचे पुनर्शोषण रोखतात, त्यामुळे ते मूत्रावाटे बाहेर पडते व वृक्कगुच्छांवरील दाबही उतरतो. हृद्‌रोगी मधुमेह्यांवरील २०१५ च्या चाचणीत एंपाग्लिफ्लोझिनामुळे हृद्‌विकारजन्य मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. हृदयाची कार्यक्षमता घटली असल्यास किंवा मूत्रातून अल्ब्युमीन जात असल्यास हा गट प्रथम विचारात घेतात. जननेंद्रियाचा कवकसंसर्ग व क्वचित कीटोनजन्य अम्लरक्तता हे त्याचे दोष होत. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही औषधे वजन घटवितात व रोहिणीविकारात हितकर ठरतात. सेमाग्लुटाइडाचा वृक्कांना होणारा लाभ २०२४ मध्ये सिद्ध झाला. याउलट पायोग्लिटाझोनामुळे शरीरात पाणी साचते, म्हणून हृदय दुर्बल असल्यास ते वर्ज्य होय. वृक्कविकारात ग्लिबेनक्लामाइडाचा परिणाम लांबून ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

स्थानिक परिस्थिती : निवडीपूर्वी रक्तातील क्रिॲटिनीन व मूत्रातील अल्ब्युमीन या दोन तपासण्या आवश्यक असतात, कारण वृक्कविकार आरंभी कोणतेही लक्षण दाखवीत नाही. भारतातील एकस्व-हक्कांची मुदत संपल्याने डापाग्लिफ्लोझिन २०२० नंतर व एंपाग्लिफ्लोझिन २०२५ नंतर पुष्कळच स्वस्त झाले. त्यामुळे ही औषधे ग्रामीण रुग्णांच्याही आटोक्यात येऊ लागली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोस्पायरोसिस आढळतो व तो रोग स्वतःच वृक्कांना इजा करतो. अशा वेळी ताप, वांत्या किंवा जुलाब सुरू झाल्यास ताबडतोब वैद्यास दाखवावे. मेटफॉर्मिन व ग्लिफ्लोझिन गटातील औषधे वैद्याच्या सल्ल्याने तात्पुरती थांबवितात. इन्शुलीन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये. अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही वृक्कांस अपायकारक ठरतात.

सारांश, औषध ठरविताना केवळ ग्लुकोजाचा आकडा पुरेसा नसतो; हृदय व वृक्क यांची अवस्था, खर्च व रुग्णाचे राहणीमान यांचा एकत्रित विचार करावा लागतो. ही अवस्था पालटत असल्याने वर्षातून किमान एकदा तपासण्या करून निवडीचा फेरविचार करणे इष्ट असते.