पेट्रोलमधले रस्त्याचे पैसे जातात कुठे?

गेल्या पावसाळ्यात आमचे हे स्कूटरवरून पडले. रात्रीचे आठ वाजले होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि रस्त्यावर घोटाभर पाणी साचलं होतं. पाण्याखाली खड्डा आहे हे कळायला काही मार्गच नव्हता. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि तेवढे दिवस शर्टाच्या गुंड्या मी लावायच्या. आमची सूनबाई धारवाडची. ती म्हणाली, "अत्ती, आमच्याकडं गुंडी म्हणजे बटणही आणि खड्डाही. मामांना दोन्ही गुंड्या एकदमच नडल्या!"

हसलो सगळे, पण माझा राग काही गेला नाही. तो खड्डा काल-परवाचा नव्हता. एका दुपारी मी चौकशीला निघाले. ती जागा अशी, की एकीकडे शहरातला रस्ता संपतो आणि दुसरीकडे हायवेचा सर्व्हिस रोड सुरू होतो. पहिल्या कार्यालयात विचारलं, "ई रस्ते यारदु?" उत्तर आलं, "इदु नम्मदल्ला." दुसऱ्या कार्यालयातल्या गृहस्थांनी शुद्ध मराठीत सांगितलं, "तो आमच्याकडे येत नाही हो, ताई." दोन भाषांत एकच उत्तर. सीमाभागात राहण्याचे असेही फायदे असतात.

मी लग्न झाल्यापासून हिशेबाची वही ठेवते. दूध, किराणा, शाळेची फी, पेट्रोल. त्या रात्री तीच वही काढून बसले. आमची सून एका करसल्लागाराकडे काम करते. तिनंच सुचवलं, "अत्ती, पेट्रोलमधले रस्त्याचे पैसे वेगळे काढून बघू या का?"

वाचकहो, पेट्रोलवर रस्त्यासाठी पैसे घ्यायची कल्पना नवी नाही, आणि तिच्याशी एका मराठी माणसाचं नाव जोडलेलं आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते समिती नेमली गेली. मोटारी वाढल्या, आता रस्त्यांचा खर्च प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना झेपणारा नाही, असं समितीचं म्हणणं पडलं. तेव्हा मोटार वापरणाऱ्यानंच पेट्रोलमागे थोडे जादा द्यावेत, असं ठरलं. १९२९ पासून गॅलनला दोन आणे जादा घेऊन केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. जो रस्ता वापरतो त्यानं द्यावं आणि दिलेलं रस्त्यालाच लागावं, इतका साधा हिशेब होता.

१९९८ मध्ये पेट्रोलवर लिटरला एक रुपया अधिभार आला, पुढल्या वर्षी डिझेलवरही. २००० साली त्याचा कायदा झाला. २००५ मध्ये अधिभार दोन रुपये झाला, २०१५ मध्ये सहा, २०१८ मध्ये आठ. मे २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, तो अठरावर गेला. नंतर उतरला. मे २०२२ मध्ये पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दोन रुपये झाला.

यांची स्कूटर महिन्याला साधारण १२ लिटर पिते, वर्षाला १४४. म्हणजे २००५ च्या दरानं वर्षाला २८८ रुपये, २०१५ च्या दरानं ८६४, आणि २०२२ च्या कपातीनंतर ७२०. अठराचा दर असताना गाडी बहुतेक अंगणातच उभी होती, तेवढं नशीब. हे फक्त रस्त्याच्या नावाचे. अबकारी आणि राज्याचा विक्रीकर वेगळा.

मग जातात कुठे? २००० च्या कायद्यात वाटणी स्पष्ट होती. डिझेलवरच्या अधिभारातले निम्मे खेड्यांच्या रस्त्यांना. उरलेले निम्मे आणि पेट्रोलवरचे सगळे मिळून जे होतील, त्यातले साडेसत्तावन्न टक्के राष्ट्रीय महामार्गांना, साडेबारा टक्के रेल्वेच्या वरच्या-खालच्या पुलांना, तीस टक्के राज्यांच्या रस्त्यांना. शहरातल्या गल्लीसाठी वेगळा वाटा नव्हता. गल्ली घरपट्टीवर आणि अनुदानावर जगते. यांचं मनगट मोडलं त्या जागी आमचे पेट्रोलचे पैसे पोचायची वाटच नाही, हे मला साठीत कळलं.

पैसे वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. पुणे-बंगळूर हायवे चौपदरी झाला, त्यात हा अधिभार होता. आणि माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, जंगलाच्या बाजूचं. माझ्या लहानपणी पावसाळ्यात बाळंतीण अडली तर कांबळ्याची झोळी करून फाट्यापर्यंत आणायची. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आली आणि काही वर्षांनी आमच्या गावाला डांबर लागलं. त्या दिवशी आईनं रस्त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. त्या डांबरात आमच्या मालाच्या टेम्पोचं डिझेलही असेल.

पण त्या योजनेची मेख अशी, की बांधणाऱ्या ठेकेदारावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी. पुढं राज्यानं बघायचं. पाच वर्षं खड्डे बुजत होते. नंतर डांबराखालची खडी वर आली. गेल्या वर्षी आईला दवाखान्यात न्यायचं होतं, तर रुग्णवाहिका फाट्यावरच थांबली, ड्रायव्हर पुढं यायला तयार होईना. झोळी गेली, जीप आली, एवढाच फरक. नव्या रस्त्याला नारळ फुटतो, फोटो निघतो. खड्डा बुजवायला कोण नारळ फोडणार?

शिवाय २०१८ मध्ये निधीचं नाव बदलून त्यात 'पायाभूत सुविधा' आल्या. म्हणजे जलमार्ग, वीज, पाणी, शाळा-दवाखान्यांच्या इमारतीसुद्धा बसू शकतात. कामं चांगलीच आहेत, पण पावती रस्त्याची आणि खर्च भलतीकडे, हे माझ्या वहीत चालत नाही. आणि सून म्हणाली तेही खरं. अधिभार पूर्ण केंद्राचा, साध्या अबकारी करासारखा त्यात राज्यांना ठरलेला वाटा नाही.

राज्याच्या विक्रीकराची गंमत आणखी निराळी. नणंदेचे यजमान गडहिंग्लजचे. भावोजी कितीतरी वर्षं टाकी संकेश्वरला येऊन भरतात, कारण कर्नाटकात पेट्रोल स्वस्त. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं विक्रीकर वाढवला, पेट्रोल तीन रुपयांनी चढलं, तेव्हा भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! २०१२ मध्ये गोव्यानं पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा आपल्याकडचे किती लोक चोर्ल्यातून येताना टाकी काठोकाठ भरून येत, आठवतं ना? पैसे जिथं टाकी भरते तिथल्या राज्याला, चाकं मात्र झिजवतात दुसऱ्याचा रस्ता. त्यातही हा कर रस्त्यासाठी बांधलेला नसतो, तो राज्याच्या तिजोरीत एकत्र जातो.

आणि रस्ता मोडतं कोण? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते ६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालं, की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची हानी सोळापटीच्या आसपास जाते. आता उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. त्याच्यापुढं स्कूटर म्हणजे मुंगी. तरी २०२२ च्या कपातीनंतर स्कूटरच्या लिटरवर पाच आणि ट्रॅक्टरच्या लिटरवर दोन. डिझेल चढलं की भाजीपासून एसटीपर्यंत सगळं चढतं, म्हणून त्यावर हात राखतात, हे समजतं. शेतकऱ्याच्या उसावर माझा राग नाही, माझे भाऊही ऊस लावतात. पण भार टाकणाऱ्या ट्रॉलीचं वजन कुणीतरी तपासावं की नाही?

मुलानं मागच्या दिवाळीला विजेवरची स्कूटर घेतली. "आई, मी तर यातून सुटलो," म्हणतो. पंपावर जायचंच नाही, म्हणजे अधिभारही नाही. अशा गाड्या वाढल्या तर जयकरांचा हिशेब कशावर चालणार, असं विचारलं तर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. सूनबाई म्हणाली, "किलोमीटरवर लावतील, अत्ती." लावतीलही. खड्ड्यात मात्र तोही आमच्याबरोबरच पडणार.

मी दोन्ही कार्यालयांत अर्ज दिले, एक कन्नडात, एक मराठीत. सुनेनं लिहून दिले, मी सह्या केल्या. दोन्हींची पोच वहीत लावून ठेवली आहे. ऑक्टोबरात कोपऱ्यावरच्या दुकानदारानं स्वतःच्या खर्चानं दोन घमेली मुरूम टाकला आणि खूण म्हणून एक फांदी रोवली. नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली, ट्रॉल्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी मुरूम रस्ताभर पसरला. फांदी अजून उभी आहे. हे आता स्कूटर चालवतात, तिला वळसा घालून.