यकृताचा कर्करोग आणि रक्तातील साक्षीदार

कोल्हापुरातील मंगळवार पेठेत राहणाऱ्या आमच्या एका वृद्ध स्नेह्यांस यकृताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्यांच्या भरल्या घरात रक्ततपासणीचा एक कागद हातोहात फिरत होता. ‘अल्फा-फीटोप्रोटीन’ या नावापुढील आकड्यातून चिरंजीव, सुना, पुतणे यांना एकच गोष्ट वाचावयाची होती : अण्णा किती दिवस राहणार? जन्मपत्रिकेवर विश्वास न ठेवणाऱ्या या सुशिक्षित घराने त्या कागदाचीच पत्रिका केली होती. म्हणून त्या आकड्याचा खरा अर्थ वाचकांपुढे मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

हे प्रथिन गर्भातील बालकाचे यकृत विपुल निर्माण करते. जन्मानंतर ते रक्तातून जवळजवळ नाहीसे होते. १९६३ साली मॉस्को येथील आबेलेव्ह यांना यकृतात अर्बुद झालेल्या उंदरांच्या रक्तात ते आढळले. पुढील वर्षी तातारिनोव्ह यांनी ते रुग्णाच्या रक्तात दाखविले. बिघडलेली पेशी आपले वय विसरून गर्भातील धर्म पुन्हा आचरू लागते, असेच म्हणावयाचे.

निरोगी प्रौढाच्या रक्तात त्याचे प्रमाण दर मिलिलिटरास साधारणपणे १० नॅनोग्रॅमच्या आत असते. कर्करोग्यात ते ४०० च्या वर गेल्यास रोग अधिक उग्र असल्याचा संभव धरतात. तथापि कित्येक रुग्णांत ते वाढतच नाही. उलट यकृताच्या जुनाट दाहात कर्करोगावाचूनही वाढते. यास्तव डॉक्टर दुसरा साक्षीदार बोलावितात. तो म्हणजे रक्त गोठविणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनचे अपुरे रूप, ‘पिव्का-२’. ते फार वाढल्यास रोग रक्तवाहिन्यांत शिरल्याची शंका येते. मात्र ‘के’ जीवनसत्त्वाच्या अभावीही ते वाढते. तिसरा साक्षीदार अल्ब्युमिन. त्याच्या प्रमाणावरून उरलेल्या यकृताची ताकद, पर्यायाने उपचार सोसण्याची शक्ती, कळते.

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. शस्त्रक्रियेने अर्बुद समूळ निघाले, तर अल्फा-फीटोप्रोटीन काही आठवड्यांत उतरते. ते पुन्हा चढू लागले, तर रोग परतल्याचा तो इशारा समजून पुढील तपासणी करितात. आयुष्याचे दिवस मात्र कोणताही आकडा मोजून देत नाही.

अण्णांपासून हा कागद लपविण्याचा बेत होता. त्यांनीच तो मागून घेतला. “रक्त माझे, मग कागद मला का दाखवीत नाही?” असे विचारून त्यांनी डॉक्टरांशी स्वतः बोलणे केले आणि उपचारांस संमती दिली. त्यांचा रोग ‘हिपॅटायटिस बी’च्या विषाणूमुळे उद्भवला होता. हा विषाणू आईकडून बाळास व घरातल्या घरात रक्ताच्या संसर्गाने जातो, हे ऐकताच त्यांनी सर्व कुटुंबाचे रक्त तपासून घेण्याचा आग्रह धरिला. या विषाणूवर लस आहे. नवजात बालकास ती पहिल्या चोवीस तासांत टोचावयाची असते. अण्णांचा आकडा वाचून झाल्यावर त्या घराने करण्याजोगे काम हेच होते, आणि ते त्यांनी त्याच आठवड्यात उरकले.