विंडोज ११ 'होम' घ्यायचे की 'प्रो'? लॅपटॉपचे पैसे देण्याआधी हे वाचा

बाभुळगाव : मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे आपले सरकार सेवा केंद्र, कृषी केंद्र, झेरॉक्सचे दुकान, क्लासेस असे जिथे जुने कॉम्प्युटर आहेत, तिथे नवीन मशीनचा विषय निघतोच. मग दुकानदार विचारतो, होम टाकू की प्रो? यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरच्या आपल्या तालुक्याच्या गावात पीकविमा, सातबारा, फार्मर आयडी, उत्पन्नाचा दाखला अशी बरीच कामे या मशीनवरच होतात. चुकीची निवड केली तर खर्च तुमचा वाढतो, पण खोळंबा रांगेतल्या शेतकऱ्याचा होतो.

सगळ्यात आधी एक गैरसमज. प्रो म्हणजे फास्ट, असे नाही. दोन्हींचा गाभा एकच आहे. प्रोची की टाकली की होममध्येच दडलेली काही फिचर्स उघडतात, फाइल्स उडत नाहीत. वेग येतो तो एसएसडी आणि रॅममुळे. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्येही प्रत्येकाला प्रोच हवे असायचे. त्यातली जास्तीची फिचर्स उघडून पाहणारे मात्र क्वचितच. अमेरिकेत होमवरून प्रोवर जायला मायक्रोसॉफ्ट ९९ डॉलर घेते. तेवढे पैसे रॅम ८ जीबीवरून १६ जीबी करण्यात घातले तर फरक त्याच दिवशी दिसेल.

मग प्रो कोणासाठी?

ज्यांना वीस-पंचवीस मशीन एका जागेवरून चालवायची आहेत त्यांच्यासाठी. कॉलेजची लॅब, बँकेची शाखा, मोठे कार्यालय. मशीन डोमेनला जोडणे आणि ग्रुप पॉलिसीने सगळ्यांना एकच नियम लावणे हे प्रोमध्येच होते. यवतमाळला बसून बाभुळगावचा कॉम्प्युटर विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने चालवायचा असेल, तर बाभुळगावच्या मशीनवर प्रो लागते. होमवरून दुसऱ्या मशीनमध्ये जाता येते, होममध्ये येता येत नाही. बिटलॉकरची पूर्ण सेटिंग्ज आणि हायपर-व्हीसुद्धा प्रोमध्येच. होमला १२८ जीबी रॅमची मर्यादा आहे, पण दुकानाच्या मशीनला तिचा प्रश्नच येत नाही.

टॅलीसाठी प्रो लागते असे सांगून विकणारेही भेटतात. एका दुकानातले दोन-तीन कॉम्प्युटर नेटवर्कने जोडून फाइल आणि प्रिंटर शेअर करणे होमवरही चालते.

बॉक्सवर 'होम एसएल' लिहिले असेल तर एसएल म्हणजे सिंगल लँग्वेज. मेनू आणि सूचना एकाच भाषेत दिसतील. मराठी टायपिंगचा कीबोर्ड यातही जोडता येतो, त्यामुळे अर्ज टाइप करणाऱ्याचे काही अडत नाही. 'एस मोड' असेल तर मात्र थांबा. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप्स चालतात, बाहेरून आणलेले सॉफ्टवेअर टाकता येत नाही. त्यातून बाहेर पडणे मोफत आहे, परत जाणे नाही.

लॅपटॉप कोणाच्या ई-मेलने सुरू केला?

होम की प्रो यापेक्षा मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागते. घाईत अनेकदा दुकानातलाच ई-मेल टाकून मशीन हातात दिली जाते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून बहुतेक नव्या लॅपटॉपवर, होम असले तरी, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की ज्या अकाउंटने मशीन सुरू झाली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हलले, तर स्क्रीन ती की मागते. की नसेल तर डिस्कवरचा डेटा गेलाच समजा, कोणताही कारागीर तो काढून देऊ शकत नाही. म्हणून स्वतःच्या ई-मेलने, स्वतःच्या हाताने मशीन सुरू करा. अकाउंटमधून ती की काढून कागदावर लिहा आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

दुसरा धोका 'प्रो फुकटात टाकून देतो' याचा. अशा क्रॅक विंडोजसाठी अँटिव्हायरस बंद करून अ‍ॅक्टिव्हेटर चालवावा लागतो. ज्या मशीनवर दिवसभर लोकांचे आधार, बँक पासबुक आणि बोटांचे ठसे येतात, तिथे हे करणे म्हणजे दार उघडे टाकून बाजाराला जाणे. कंपनीच्या लॅपटॉपसोबत होम आले असेल तर त्याची की बहुधा मदरबोर्डमध्येच असते. कोणी क्रॅक प्रो टाकले असेल, तर डेटाचा बॅकअप घेऊन होम नव्याने टाका. इंटरनेट मिळताच ते स्वतःहून अ‍ॅक्टिव्हेट होते. सध्या काय आहे ते सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे दिसते.

जुन्या मशीनचे काय?

विंडोज ११ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. हे नसेल आणि विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती असेल, तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट घेता येतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला तर मोफत, नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. डोमेनला जोडलेल्या ऑफिसच्या मशीनना ही सवलत नाही.

फक्त ब्राउझर आणि प्रिंट एवढेच काम असेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट मोफत आहे. सी-डॅकने बनवलेले बॉसही लिनक्सच. पण टॅली विंडोजसाठीच आहे. सेवा केंद्र चालवत असाल तर लिनक्स टाकण्याआधी तुमच्या अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस त्यावर चालते का, हे कंपनीला फोन करून विचारा.