घन हेलियमचा मऊपणा

तांबट तांब्याचे भांडे ठोकू लागला की ते कठीण होत जाते आणि भट्टीत तापविले म्हणजे पुन्हा मऊ पडते. याचे मूळ स्फटिकांतील दोषांत आहे. धातूचे अणू थराथरांनी रचलेले असतात. परंतु एखादा थर मध्येच तुटलेला असतो. त्या तुटीच्या कडेला आपण भ्रंशरेषा म्हणू. सबंध जाजम ओढणे जड जाते. पण एका टोकाशी सुरकुती पाडून ती पुढे ढकलीत नेली, तर ते सहज सरकते. भ्रंशरेषा ही तशीच सुरकुती होय. टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी १९३४ साली स्वतंत्रपणे हा विचार मांडला. ठोकण्याने अशा रेषा इतक्या वाढतात की त्या एकमेकींत अडकून पडतात.

हाच न्याय हेलियमला लावला म्हणजे मोठी मौज दिसते. हा पदार्थ मुळात गोठावयासच राजी नसतो. निरपेक्ष शून्याजवळ, म्हणजे उणे २७३ अंशांजवळ, नेला तरी तो द्रवच राहतो. वातावरणाच्या सुमारे २५ पट दाब द्यावा तेव्हा घन होतो. लायडन येथे केसोम यांनी १९२६ साली तो प्रथम गोठविला.

२००४ साली अमेरिकेत किम व चॅन यांनी घन हेलियमने भरलेली डबी दांडीला बसवून पीळ देऊन आंदोलित केली. निरपेक्ष शून्यावर सुमारे ०.२ अंशाच्या खाली ती अधिक जलद हेलकावू लागली. हेलियमचा काही भाग डबीबरोबर फिरतच नाही, घनातूनही तो घर्षणावाचून वाहतो, असा अर्थ लावला गेला आणि जगभर चर्चा उसळली. परंतु २००७ साली कॅनडातील डे व बीमिश यांनी दाखविले की, त्याच तपमानास घन हेलियम अधिक ताठर होते. ताठरपणा वाढला की आंदोलने जलद होणारच! पुढे २०१२ साली चॅन यांनीच हा परिणाम टाळून प्रयोग केला, तेव्हा तो चमत्कार नाहीसा झाला. स्वतःचे गाजलेले अनुमान स्वतःच खोडणे आम्हांस मूळ शोधाइतकेच थोर वाटते.

मग ताठरपणा कोठून येतो? साध्या हेलियममध्ये एक कोटी अणूंत तीनएक अणू हलक्या हेलियमचे, म्हणजे हेलियम-३ चे, असतात. थंडी वाढली की ते भ्रंशरेषांवर जाऊन बसतात आणि सुरकुतीवर खिळे ठोकावेत तशा त्या रेषा जखडतात. तपमान किंचित वाढले की खिळे सुटतात. २०१३ साली पॅरिस येथे अतिशय शुद्ध स्फटिक घेतला, तेव्हा ०.१ अंशाच्या आसपास या रेषा इतक्या मोकळेपणी सरकल्या की, एका दिशेने थर सरकविण्यास होणारा विरोध जवळजवळ उरलाच नाही. याहून उष्णता वाढली तर मात्र अणूंची कंपनेच रेषांच्या वाटेत येऊ लागतात.