माहिती चौकट: आज्ञाभंग, मूर्ती आणि सबब – सिनायपासून कोकणापर्यंत

मूळ आज्ञा: सिनाय डोंगरावर मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांत दुसरे देव मानण्यास आणि मूर्ती करण्यास मनाई.

बायबलमधील तीन सबबी
- सोन्याचे वासरू (निर्गम 32): मोशेचा भाऊ अहरोन याचे म्हणणे: सोने आगीत टाकले, त्यातून वासरू निघाले.
- शौल राजा (1 शमुवेल 15): शत्रू अमालेकींचे सर्व काही नष्ट करण्याची आज्ञा असताना त्यांची मेंढरे राखून ठेवली, कारण दिले देवाला यज्ञ करण्याचे. संदेष्टा शमुवेलाने हट्टाला मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवले.
- उत्तरेच्या इस्राएलचा राजा यराबाम (1 राजे 12): बेथेल आणि दान येथे सोन्याची वासरे. सबब: यरुशलेम लोकांना दूर पडते.

फरक: बआलची पूजा म्हणजे परक्या देवाची भक्ती. यराबामाची वासरे मात्र इजिप्तमधून सोडवणाऱ्या देवाच्याच नावाने उभारलेली.

परिणाम: उत्तरेचे इस्राएल राज्य इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरने जिंकले, दक्षिणेचे यहूदा राज्य इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलने. बायबल दोन्हींचे कारण आज्ञाभंग सांगते.

कोकणातील धागा
- बेने इस्राएल: मराठी बोलणारे यहुदी. परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावला फुटले. शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.
- आडनावे: गावांवरून – पेणकर, रोहेकर, दिवेकर.
- एलियाहू हनबी: कर्मेल डोंगरावर बआलच्या पुजाऱ्यांना आव्हान देणारा संदेष्टा. त्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा होतो.
- सिनेगॉग: मुंबईतील पहिले 1796 चे, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारलेले. आत मूर्ती नाही. मान तोराच्या (मोशेच्या धर्मशास्त्राच्या) गुंडाळ्यांना.