आधी प्रतिमा, मग औषध

केमोथेरपीचे औषध शिरेतून दिले की ते सर्वांगात पसरते आणि गाठीबरोबर निरोगी पेशीही होरपळतात. म्हणून ते औषध मेदाच्या अतिसूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून देण्याची पद्धत आली. असे ‘डॉक्सिल’ अमेरिकेत 1995 साली मान्य झाले. या पिशवीचा व्यास सुमारे 100 नॅनोमीटर, केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान.

यामागचे गृहीतक 1986 साली जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडले होते. गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढतात, त्यांच्या भिंतींत फटी राहतात. कण त्यांतून झिरपतात आणि निचरा नीट होत नसल्याने तेथेच साचतात. कल्पना देखणी होती. आकडे तितके देखणे नाहीत. प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या मात्रेचे मध्यक प्रमाण 0.7 टक्के निघाले.

माणसांत तर गाठीगाठीत फरक पडतो. लंडनमध्ये 17 रुग्णांना किरणोत्सारी इंडियमची खूण लावलेले लायपोसोम देऊन गॅमा कॅमेऱ्याने चित्रे घेण्यात आली. 2001 साली जाहीर झालेल्या या अभ्यासात डोके-मानेच्या गाठींनी, वजनाच्या प्रमाणात, स्तनाच्या गाठींच्या सुमारे 6 पट कण शोषले होते. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण विपुल असलेल्या आपल्या देशाने ही नोंद विसरू नये.

मग औषध देण्यापूर्वीच गाठ कण स्वीकारते की नाही, हे पाहता येईल का? येथे फेरुमॉक्सिटॉल उपयोगी पडते. हे लोह-ऑक्साइडचे कण मुळात रक्तक्षयावरील औषध; अमेरिकेत 2009 पासून मान्य. लोहामुळे ते एमआरआयमध्ये दिसतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना आधी हे कण देऊन एमआरआय केला आणि नंतर लायपोसोममधील इरिनोटेकान दिले. ज्या गाठींत लोह अधिक साचले होते, त्या अधिक आकसल्या.

अर्थात दिसते ते लोह, औषध नव्हे. गाठीतील भक्षक पेशी लोहाचे कण गिळतात, त्यामुळे गाठीच्या प्रत्येक भागात औषधही तितकेच पोहोचेल असे नाही. शिवाय या औषधाने क्वचित तीव्र अॅलर्जी होते, त्यामुळे ते देताना देखरेख लागते. एकाच रुग्णाच्या यकृतातील गाठ कण घेते आणि फुप्फुसातील घेत नाही, असे आढळले तर उपचार कोणता द्यायचा, हा प्रश्न डॉक्टरांपुढे उरतोच.